त्रिशलेसारखी दिसणारी बाई

त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं मला फोन करून सांगितलं, की घरात एक बाई घुसली आहे आणि ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते आणि ते बाहेरच्या खोलीत. मध्ये एक भिंत आणि एक पडदा.

"त्रिशले, कुठं हाईस गं? ही बाई तुझी साडी नेसून फिरालीया. भाजीला फोडणी पण तुझ्यासारखीच देती. मला लई भ्या वाटालंय."

"मी चिकोडीला आहे, भावाकडं," मी तोंडावर पदर धरून हळू आवाजात म्हटलं. "वहिनीचा पाय मोडलाय. येते थोड्या दिवसांत. तोवर ती बाई देईल ते खावा. विष नाही घालायची ती."

"तू म्हणतीस तर खातो," ते म्हणाले, आणि फोन ठेवून मी वाढलेली भाकरी त्यांनी खरंच निमूटपणे खाल्ली. मी समोर उभी होते. रांगेत पुढं घुसलेल्या माणसाकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत होते.

आमचे हे म्हणजे भूपाल मगदूम, सांगलीचे हळदीचे अडते. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, मनातल्या मनात मगदूम. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि माझी जीभ. ती तिसरं माणूस आहे असं मगदूम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आता तिथं यंत्र बोलतं, तेव्हा कर्ण्यावरून मी बोलायचे. इस्लामपूरची गाडी कुठं लागली आहे हे मी अशा ठसक्यात सांगायचे, की मगदुमांनी आधी माझा आवाज पसंत केला आणि चेहरा नंतर येऊन बघितला.

आता तोच चेहरा त्यांना खोटा वाटत होता. झालं होतं असं. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची जुनी पेवं आहेत, खोल आणि अंधारी. ती कधीचीच वापरातून गेली, पण मगदुमांना त्यांचा भारी अभिमान. कुणा पाहुण्यांना पेव दाखवायला म्हणून ते काठावर उभे राहिले आणि काठाचा दगड निसटला. हाडं शाबूत राहिली, मार डोक्याला बसला. शुद्धीवर आले तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं: हळदीचा भाव, दिवाणजीचं नाव, आमच्या लग्नात जेवणावरून झालेलं भांडण. फक्त माझ्याकडं बघून ते म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? त्रिशलेच्या नात्यातल्या का?"

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "आवाज पण काढती तिचा! घालवा हिला!"

मिरजेच्या डॉ. सलोमी हिवाळे यांनी मला समोर बसवून समजावलं. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण घाईनं बोलत नसत.

"मावशी, चेहरा ओळखायची जागा मेंदूत एकीकडे असते आणि त्या माणसाबद्दल जे वाटतं, ते वाटायची जागा दुसरीकडे. दोन्हींना जोडणारे बारीक तंतू असतात. काकांचे ते तुटलेत. त्यांचे डोळे सांगतात, ही त्रिशला. पण आत काहीच हलत नाही. मग मेंदू आपल्यापरीनं अर्थ लावतो. दिसते तशीच, वाटत मात्र काही नाही, म्हणजे ही नक्कल."

"आणि दिवाणजीला कसे ओळखतात?"

"दिवाणजीला बघून आधी तरी कुठं काही हलत होतं?" त्या हसल्या. "जे माणूस जितकं जवळचं, तितकी त्याची उणीव मोठी. तुमचाच चेहरा खोटा वाटतो, यात तुमचा मानच आहे. आवाजाची वाट मात्र वेगळी आहे, ती तुटली नाही. म्हणून फोनवर तुम्ही खऱ्या."

असला मान मला नको होता. मी तसं बोलूनही दाखवलं.

मग त्यांनी उपाय सांगितला. पाच-सहा वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. हाताची नस कापली तर ती हळूहळू परत वाढते, पण मोठ्या माणसाच्या मेंदूतला तंतू एकदा तुटला की तुटला. त्याची वाढायची उमेद लहानपणानंतर आतूनच बंद होते. शिवाय बाजूच्या पेशी त्याला सतत 'पुढं येऊ नकोस' असे रासायनिक निरोप देत असतात, आणि जखमेवर धरलेली खपली वाट अडवते. डॉक्टर मंडळींना आता हे तिन्ही सोडवता येत होतं. एका औषधानं पेशीची जुनी उमेद जागी करायची. मग केसाएवढ्या सुईनं, जिथून तंतू जायला हवा नेमक्या त्याच वाटेवर, एक मऊ लगदा सोडायचा. तो अडवणारे निरोप पुसतो, खपली विरघळवतो आणि पुढं पुढं जास्त तीव्र होत जाणारा एक वास ठेवून जातो. वास हा आपला शब्द. तंतूला तो रसायनातून कळतो. त्या मागावर तंतूचं टोक चालत जातं.

"म्हणजे ते आपोआप पोचतील?"

"गावापर्यंत पोचतील. घर शोधायचं काम तुमचं," डॉ. हिवाळे म्हणाल्या. "तिथं लाखो पेशी आहेत. मायेच्या आहेत तशा भीतीच्या, रागाच्याही आहेत. काका तुमचा चेहरा बघत असताना ज्या पेशी जाग्या असतील, त्यांच्याशी हे तंतू गाठ बांधतील. एकत्र जागणारे एकत्र राहतात, बाकीचे गळून जातात. या काळात तुमच्याकडे बघून त्यांना राग आला, तर तो रागच पक्का होईल, कायमचा. आणि ही वाट पुन्हा उघडता येत नाही. एकदाच."

मी गप्प झाले. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

मगदुमांचा होकार मी फोनवरूनच मिळवला, दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून. "करून घ्या," मी म्हटलं. "तू म्हणतीस तर करतो," ते म्हणाले. "पण त्या बाईला आत येऊ देऊ नका म्हनावं."

शस्त्रक्रिया झाली, आम्ही घरी आलो आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. चेहरा सतत त्यांच्या नजरेसमोर हवा, आणि समोर माझा आवाज निघाला की ते भडकणार. म्हणजे मी मुकं व्हायचं. माझ्या स्वतःच्या घरात. दूधवाला पाणी घालतो, शेजारीण कचरा आमच्या दारात लोटते, मगदूम ओला टॉवेल गादीवर टाकतात, आणि मी हसरा चेहरा करून उभी! शेजारीण दिवाणजीला विचारून गेली म्हणे, वहिनींना काही झालंय का. दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन फोन करायचे तेव्हा कुठं माझा जीव मोकळा व्हायचा.

"ती बाई मुकी हाय बिचारी," मगदूम मला सांगायचे. "पर बघती लई. सारखी समोर येऊन बसती."

"बसू दे. तुम्ही पण बघत जावा तिच्याकडं. तिच्या घरचं कुणी नसेल."

सकाळी तासभर त्यांच्या डोक्यावर एक टोपी असायची. आतून येणारे बारीक संकेत टिपून ती भिंतीवर चित्र काढायची. खरे तंतू हजारो, भिंतीवर दिसायची ती त्यांची जुडगी. पहिले काही दिवस तिथं नुसता करडा धूर होता. मग एका सकाळी त्या धुरात एक हिरवी रेघ दिसली, तांदळाच्या कणीएवढी.

मी डॉक्टरांना विचारून ते चित्र मोठं केलं. रेघेच्या पुढच्या टोकाला पंजासारखं काहीतरी होतं आणि ते हलत होतं. अंधारात भिंत चाचपणाऱ्या माणसासारखं ते आपली बारीक बोटं सगळीकडं टेकवून बघत होतं. एक बोट चुकीच्या बाजूला लागलं की आखडून घ्यायचं, दुसरं बरोबर लागलं की सगळं टोक तिकडं सरकायचं. त्याला डोळे नाहीत, कुणी हाकही मारत नाही, आणि तरी ते निघालं होतं. साठीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यात, जिथं काही नवीन उगवत नाही असं आपण सगळे धरून चालतो, तिथं! मी आयुष्यात हजारो गाड्या मार्गाला लावल्या, पण एवढी चिकाटीची गाडी बघितली नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले. ते टोक मला शोधायला निघालं होतं.

मगदूम चहा पीत होते. "बाई भिंतीला नमस्कार करती," असं त्यांनी दुपारी मला फोनवर कळवलं.

रेघ वाढत गेली. महिना उलटून गेला आणि टोकं त्या गावाच्या वेशीपाशी पोचली. तिथं ती थांबली. मगदुमांना माझा राग येत नव्हता हे खरं, पण मायाही वाटत नव्हती. घरात एक मुकं कपाट आहे, तेवढीच माझी किंमत. डॉ. हिवाळे मिरजेहून रोज हेच चित्र बघत. मग एकदा म्हणाल्या, "फार दिवस नाही थांबणार ही. गाठ पडली नाही तर वाळायला लागतील." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वाट सापडली ती चहावरून. मगदुमांना मधुमेह, म्हणून सकाळी टोपी चढवल्यावर मी बिनसाखरेचा चहा पुढं ठेवला. त्यांनी घोट घेतला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"साखर घाला की, बाई."

मी नाही म्हणून मान हलवली.

"अहो, एक चमचा!"

मी पुन्हा मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांत राग चढायला लागला. भिंतीवर रेघांची टोकं थरथरायला लागली. आता काय करू, चेहरा लपवू, आत पळू, असं होतंय तोवर मगदुमांनी खांद्यावरचा पंचा काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात माझ्यापुढं केला.

"बोलता येत न्हाई तर असं सांगा. सौदा करू. घाला हात खाली."

पूर्वी बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. दोघं रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटं धरून भाव ठरवत. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, बोटाचं अर्धं पेर दाबलं की अर्धा. आता सगळं पडद्यावर चालतं, पण मगदूम या कामातले जुने वाकबगार. एवढी वर्षं संसार केला, मला ही भाषा शिकवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. बायको बोलायची थांबलीच नव्हती ना.

मी हात पंच्याखाली घातला. पेवात पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा हात माझ्या हाताला लागला. मला रडू फुटणार होतं, पण चेहरा हसराच ठेवला. सगळं काम त्याच्यावरच अवलंबून होतं.

त्यांनी माझी तीन बोटं धरली. तीन चमचे! मी त्यांचं अर्धं पेर दाबलं. त्यांनी दोन बोटं धरली, वर आर्जवानं हलवली. मी पुन्हा अर्धं पेर, जरा जोरात. ते एकावर आले. मी पेर सोडलंच नाही.

आणि मगदूम खदाखदा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. "अवो बाई, तुम्ही तर अडत्याला विकून खाशीला!" ते माझ्याकडं बघत होते, माझा हात अजून त्यांच्या हातात होता, आणि भिंतीवर एक रेघ सरकन पुढं गेली.

"आवाजासारखीच स्पर्शाचीही वाट शाबूत होती," डॉ. हिवाळे नंतर म्हणाल्या. फोनवर त्यांचा आवाज चक्क कापत होता. "माया हातातून आली, चेहरा डोळ्यांपुढं होता. दोन्ही एकाच वेळी जागं झालं. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. रोज करा, मावशी. कशावरूनही सौदा करा."

मग काय, आमच्या घराचा बाजार झाला. भाकऱ्या किती, बागेत फेऱ्या किती, गोळी आता की जेवणानंतर, सगळं पंच्याखाली. मी हरले की ते खूश, मी जिंकले की जास्तच खूश. ते मला नवीन खुणा शिकवायचे, मी चुकले की बोटावर टिचकी मारायचे. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकमेकांचे हात धरून बसल्याचं मला आठवत नाही.

आणि मग ती सकाळ. मी खिडकीपाशी शेंगा सोलत होते. सौदा नाही, पंचा नाही, काही नाही. मगदुमांनी पेपरातून सहज मान वर केली आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर पडली. भिंतीवर हिरव्या रेघा एकामागून एक त्या करड्या गावात शिरल्या, आणि जिथं शिरल्या तिथं उजेड पसरत गेला, पहाटे एकेका घरात दिवा लागावा तसा. एका माणसाच्या डोक्यात माया वाटायला लागते ते मी डोळ्यांनी बघत होते, आणि ती माझ्याबद्दल होती. किती जणींना हे बघायला मिळालं असेल?

मगदुमांनी छातीवर हात ठेवला. ते माझ्याकडं बघत राहिले, मग लाजले, आणि पेपर तोंडापुढं धरून बसले.

मला वाटलं, झालं. आता हाक मारतील. पण पेपरामागून आवाज आला, "बाई, चहा ठेवता का?"

"तंतू लावणं माझ्या हातात होतं," डॉ. हिवाळे म्हणाल्या. "पण दोन बायका आहेत, एक चिकोडीची आणि एक घरातली, ही गोष्ट त्यांनी मनाशी रचली आहे. ती कुठल्या एका तंतूत नाही. ती त्यांची त्यांनाच मोडावी लागेल. तुम्ही सांगायला जाऊ नका. गाठी अजून ओल्या आहेत. आणि काही झालं तरी त्यांच्या नजरेसमोरून हलू नका, नाहीतर आत्तापर्यंतचं सगळं वाळून जाईल."

दुपारी नेहमीसारखा मी स्वयंपाकघरातून फोन लावला. मगदूम कितीतरी वेळ नुसतेच घसा खाकरत होते.

"त्रिशले, एक सांगायचंय. चिडू नकोस."

"काय झालं?"

"ती बाई... तिच्याकडं बघितलं की काळजात कायतरी हालतंय. मी मुद्दाम न्हाई केलं गं. एवढ्या वर्षांत कुणाकडं वर मान करून बघितलं न्हाई, तुला ठाऊक हाय. पर हे आपोआप होतंय."

मी ओट्याला धरून उभी राहिले. आधी हसू आलं, मग रडू, आणि मग, खरं सांगते, सपाटून राग आला. माझा नवरा दुसऱ्या बाईवर भाळला होता. ती बाई मीच होते हे मला समजत होतं, पण राग काही ऐकत नव्हता.

"म्हणून मी ठरवलंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी तिला जायाला सांगतो. वाईट वाटंल, मुकी बिचारी कुठं जाईल. पर तुझ्या घरात असलं न्हाई चालायचं. मग तू ये."

मगदूम एकदा शब्द दिला की मागं घेत नाहीत, बाजारात त्यांची तीच पत. उद्या ते मला हात जोडून दाराबाहेर काढतील. माझा चेहरा त्यांच्या नजरेआड होईल, ओल्या गाठी सुटतील, हजारो टोकांनी चाचपडत काढलेली ती वाट कायमची मिटेल. तेही माझ्याशी इमान राखण्यासाठी! मला काही सुचेना. सुचलं ते बोलून टाकलं.

"नको, राहू दे तिला," मी मऊ आवाजात म्हटलं. "चांगली बाई दिसते. तुम्हाला आवडली तर आवडली. मला काही राग नाही त्याचा."

"काय म्हणालीस?"

"राहू दे म्हटलं. आनंदात राहा दोघं. मी काही बोलणार नाही."

मगदूम हळूच, अनोळखी माणसाशी बोलावं तसं बोलले. "कोण बोलालंय?"

"अहो, मी. त्रिशला."

"न्हाई. आवाज तिचाच हाय. पर माझी त्रिशला असती तर आतापातूर फोनातनं हात घालून माझं थोबाड रंगवलं असतं. चिकोडीपासनं चालत आली असती भांडायला. मी काही बोलणार नाही म्हणती! कोण हाय तुम्ही?"

बाहेर खुर्ची करकरली. पावलं पडद्याकडं यायला लागली. मी हातातला फोन पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं, तेवढ्यात पडदा सरला. मगदूम दारात उभे होते, कानाला फोन. ते घाबरले होते. घाबरलेला माणूस घरात शिरल्यावर सगळ्यात आधी ज्या माणसाला शोधतो, तसं त्यांनी मला शोधलं, आणि माझा चेहरा दिसल्यावर त्यांचे खांदे सैल झाले.

"अगं," ते म्हणाले, "हे ऐक जरा. फोनवर कुणीतरी बाई तुझा आवाज काढून बोलालीया."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. पिठाच्या डब्यातून आमच्याच नळाची टपटप बारीक ऐकू येत होती. मी फोन बंद केला. गाठी ओल्या आहेत, डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलंय, सगळं मला ठाऊक होतं. पण आता गप्प बसले असते तर तीही नक्कलच झाली असती.

"त्या फोनवालीचं नंतर बघू," मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, स्टँडवर गाडी अडवणाऱ्या रिक्षावाल्यांशी बोलायचे त्या आवाजात. "आधी मला सांगा, कोण ती बाई, जिच्याकडं बघून तुमच्या काळजात हालतंय?"

मगदूम दचकले. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले, मग डोळ्यांकडं, मग पुन्हा ओठांकडं. त्यांच्या डोक्यात त्या घटकेला काय काय एकमेकांना जाऊन भेटत होतं, ते दाखवायला भिंतीवर चित्र नव्हतं आणि मला त्याची गरजही नव्हती.

"तूच की गं ती," ते म्हणाले, आणि ओट्याचा आधार घेऊन उभे राहिले. शेजारी मीही ओटा धरला.